रुखमाबाईची तबकडी

मी तेव्हा फार शहाणा होतो. बुलडाण्याच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या वर खोली, खोलीत एक कॉम्प्युटर, आणि जिन्याशी माझ्या नावाची पाटी: इंद्रभान कॉम्प्युटर क्लास. साल एकोणीसशे एकोणनव्वद. अख्ख्या जिल्ह्यात अशी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं. चपला बाहेर काढा, केसांना तेल चोपडून येऊ नका, पडद्याला बोट लावू नका. आणि तबकडीला तर नाहीच नाही.

तबकडी म्हणजे फ्लॉपी. हल्लीच्या मुलांनी ती पाहिलेली नसते म्हणून सांगतो. तळहाताएवढं काळं चौकोनी पाकीट, वाकवलं तर वाकणारं. मधोमध मोठं भोक, आणि एका बाजूला लांबट खिडकी. त्या खिडकीतून आतली तपकिरी, गुळगुळीत चकती दिसायची. माझ्या यंत्राला पोटात काही साठवायची सोय नव्हती. जे काय राहायचं ते या तबकड्यांवर.

क्लासात सात मुलं आणि एक मुलगी होती. ती देऊळघाटची, भाजीवाल्या तुळशीरामची लेक, अन्नपूर्णा. रोज सकाळी बापाबरोबर मेथीच्या जुड्यांच्या गाडीवर बसून यायची. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना मी तिची फिरकी घेतली, "एवढं भारदस्त नाव कुणी ठेवलं गं? रकान्यात मावत नाही."

"आजीनं," ती म्हणाली. "पत्रिकेत स अक्षर आलं होतं, बाबांनी सुनंदा ठरवलं होतं. आजी बाराव्या दिवशी पाळन्यापाशी बसली आन म्हने, अन्नपूर्णाच. काऊन म्हनून इचारलं तं सांगे नाई. तिच्यापुढं कोन बोलन?"

ही आजी म्हणजे रुखमाबाई. देऊळघाटपासून धाडपर्यंतच्या गावांत पन्नास वर्षं बाळंतपणं करणारी सुईण. पुढच्या महिन्यात ती स्वतःच जिना चढून आली. पंचाहत्तरीची, काटक, हातात पत्र्याचा डबा. तिनं दारात चपला काढल्या, न सांगता. मला ते आवडलं.

"बापू," ती म्हणाली, "माह्या डोक्यात अकराशे त्रेचाळीस लेकरं हायेत. मी मेली का समदी मसनात जातीन. या पोरीनं सांगतलं का तुह्या पेटीत ठेवता येते."

मला हसू आलं. अकराशे त्रेचाळीस! मी म्हटलं, आजी, एखादं सांगा बघू. तर तिनं मला खालच्या किराणा दुकानदाराचंच सांगितलं. धाडचा बाजार होता त्या दिवशी, ज्वारी निसवत होती, पहाटेचा वारा सुटला होता, नाळ गळ्याला दोन वेढे घेऊन आलेली, बाप जत्रेला गेलेला. मी खाली जाऊन दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, माझी जन्मतारीख तर एक जून आहे. मी वर येऊन तसं सांगितलं.

"शाळेच्या मास्तरनं लिहेल असन," रुखमाबाई म्हणाली. "त्याच्यापाशी समदी लेकरं एक जूनलेच होतात."

माझीही जन्मतारीख एक जूनच आहे.

मी तिला म्हटलं की एवढं सगळं आधी वहीत लिहून काढा, मग अन्नपूर्णा टाइप करील. म्हातारीनं मान हलवली. कागद नको. कागद कुणीही उचलतं आणि वाचतं. तिच्या त्या अकराशेत विधवांची लेकरं होती, नवरा वर्षभर परगावी असतानाची होती, लग्नाआधीची होती. त्यांच्या आया म्हाताऱ्या होऊन नातवंडं खेळवत होत्या. ते कागदावर आलं असतं तर चार गावांत डोकी फुटली असती.

मग तिनं टेबलावरची तबकडी उचलली, खिडकीशी नेली, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. कुठेही एक अक्षर नाही. तिचा चेहरा खुलला. "याच्यात लिहेल दिसत नाई. हे चालते. पन कसं काय राह्यते याच्यात?"

हा प्रश्न मला क्लासातल्या एकाही मुलानं विचारला नव्हता. मला उत्साह आला. मी खालून मूठभर चिंचोके आणले आणि फोडले. पोरं खेळताना उधळतात तसे अर्धे अर्धे, एक बाजू पांढरी, एक काळी. टेबलावर आठ मांडले. म्हटलं, आजी, ही चकती प्लास्टिकची आहे आणि तिच्यावर लोखंडाच्या गंजाचा लेप आहे. रंग पाहा, जुन्या वखराच्या लोखंडी पाशीसारखा. त्या गंजाचा कण न् कण म्हणजे बारीकसं लोहचुंबक. यंत्रातली सुई त्याला हवं तसं तोंड फिरवायला लावते, या बाजूला किंवा त्या बाजूला. म्हणजे पांढरी वर किंवा काळी वर. एवढंच. तिसरं काही नाही. असे आठ चिंचोके ओळीनं मांडले की एक अक्षर. एका तबकडीवर असे जवळपास तीस लाख चिंचोके.

तिनं आठांतला एक पालथा केला. "आता?"

"आता अक्षर बदललं."

"आन एवढ्याशानं लेकराचं नाव राह्यते?"

"राहतं."

तिनं तो चिंचोका पुन्हा होता तसा केला. मग म्हणाली, "माह्या डोक्यातबी असंच काही असन. देवानं मांडेल."

मी इतके दिवस तो धडा पोपटासारखा शिकवत होतो. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपण रोज हाताळतो ती वस्तू साधी नाही. पण हे मी कुणाला बोललो नाही. शहाणा होतो ना.

त्यानंतर चार महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माझ्याच क्लासातून मला बाहेर काढलं गेलं. यंत्रात मराठी अक्षरं उमटवणारं कार्ड होतं. आत रुखमाबाई सांगायची, अन्नपूर्णा टाइप करायची, आणि मी गॅलरीत स्टुलावर बसून बाजार बघायचा. दारातून फक्त म्हातारीचा आवाज यायचा, संथ, न अडखळणारा, पण शब्द कळायचे नाहीत. गावागावाची वेगळी फाइल होती. धाड, देऊळघाट, तिचं माहेर वडनेर भोलजी. काम झालं की तबकडी कागदी पाकिटात आणि पाकीट तिच्या पत्र्याच्या डब्यात जायचं, पातं, दोरा आणि कात्रीच्या शेजारी. मी म्हटलं, आजी, एक नक्कल करून ठेवू. ती म्हणाली, "दोन नोको. दोन झाल्या का एक कोनाच्या तरी हाती जाते." मी रागावलो, पण तिच्यापुढे माझं काय चालणार?

फक्त एका शुक्रवारी उलट झालं. श्रावण होता. त्या दिवशी तिनं नातीला गॅलरीत पाठवलं आणि मला आत बोलावलं. "आज घरचं सांगाचं हाय. घरचं तिच्या हातानं नाई. तू लिही."

आता इथे मला माझी लाज सांगावी लागते. त्या दिवशी दोनदा लाइट गेली होती, पंखा बंद होता, अकोल्याला एक नवं यंत्र आलंय असं ऐकल्यापासून माझं सगळं चित्त तिकडे लागलेलं. म्हातारी सांगत गेली, मी टाइप करत गेलो. बारा-तेरा लेकरं असतील. बोटं चालत होती आणि कान बंद होते. तिनं सांगितलेलं माझ्या बोटांतून थेट तबकडीवर गेलं. वाटेत मी कुठे नव्हतोच.

भाद्रपदात रुखमाबाईला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे तेवढे लख्ख राहिले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, अन्नपूर्णा तिच्या आईला घेऊन क्लासात आली. आई म्हणजे शालूबाई, रुखमाबाईची सून. चाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला कमी. डबा तिच्या हातात होता. अन्नपूर्णानं तबकडी काढून यंत्रात सरकवली आणि खटका दाबला. आतून असा कर्रकर्र आवाज आला की माझ्याच दातांवर आला. पडद्यावर इंग्रजीत ओळ: वाचता येत नाही.

मी तबकडी बाहेर ओढली. खिडकीतून तपकिरी चकती दिसायची तिथे हळदीकुंकवाचा चिखल वाळून बसला होता. पाकीट हलवलं तर आत तांदळाचा दाणा खुळखुळला. अक्षता.

मी जे ओरडलो ते खाली दुकानात ऐकू गेलं असणार. "हा काय देव्हारा आहे? चार महिन्यांचं काम! बोट लावू नका म्हणून घसा फोडून सांगतो मी, आणि तुम्ही गंध-अक्षता? डोकी आहेत की मडकी?"

अन्नपूर्णा रडायला लागली. शालूबाई रडली नाही. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "खंडेनवमीले हत्याराची पूजा करतात ना सर. इळा पुजला, कुऱ्हाड पुजली, मोटरीचा पान्हा पुजला. दर साली सासूबाई त्याईच्या पात्याची पूजा करत. औंदा त्या खाटेवर. मी डबा उघडला. पातं पुजलं, कातर पुजली. मंग हे दिसलं. म्हनलं, त्याईचं खरं हत्यार तं आता हेच हाय. समद्यात जास्त कुकू यालेच लावलं."

राग होता तो कुठे ठेवावा ते कळेना.

"किती गेलं याच्यातलं?" तिनं विचारलं.

"सगळंच गेलं असणार."

तेव्हा ती खाली बसली. तशी पटकन नाही, भिंतीला हात लावत लावत. आणि मग तिनं मला सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वी, अन्नपूर्णाच्या आधी, तिला एक मुलगी झाली होती. शालूबाईला रक्तस्राव झाला, ती तीन दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा पाळणा नव्हता, काही नव्हतं. मुलगी होती आणि त्याच दिवशी गेली, एवढंच कळलं. घरात त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव नव्हतं. कोणत्या वारी झाली, रडली का, कशी दिसत होती, हे शालूबाईला विचारायचं धाडस झालं नाही आणि सासूनं आपणहून सांगितलं नाही.

"या श्रावनात एक दिवस घरी आल्या आन म्हने, शालू, तुही पयली पोरगीबी लिहून ठेवली. दसऱ्याले सोनं देताना समदं सांगीन तुले. मी म्हनलं, आता सांगा ना. म्हने, एवढी कळ काढली, आनखी थोडी काढ." तिनं पदर तोंडाशी नेला. "मंग लकवा आला."

खाली कुणीतरी साखर मोजत होतं.

"सर," ती म्हणाली, "घरचं तुमी लिहेल हाय ना? पोरगी सांगत होती. काय सांगतलं होतं त्याईनं? एखादं तरी सांगा. वार तरी."

मी डोळे मिटले. खरंच सांगतो, मी माझं डोकं उलटंपालटं केलं. तो शुक्रवार आठवला, बंद पंखा आठवला, अकोल्याचं यंत्र आठवलं. म्हातारीच्या हातावरचं गोंदण आठवलं. तिनं सांगितलेलं एक अक्षर आठवलं नाही. एक बाई अंगठाछाप असून अकराशे त्रेचाळीस लेकरं जपते, एका दमडीच्या गंजाला सांगितलं ते कळतं, आणि मी पदवीधर माणूस, माझ्या हातून लिहून गेलं तरी माझ्यात काही उरलं नव्हतं. मला माझीच शरम वाटली.

"नाही आठवत," मी म्हटलं.

तिनं मला बोल लावला नाही. तबकडी हातात घेऊन ती बघत राहिली. मग म्हणाली, "धुतलं तं?"

"अहो बाई, हे काय ताट आहे?"

"नाई, पोरगी सांगे का तुमी आजीले सांगतलं, याच्यावर लोखंडाचा जंग हाय. जंग तं पान्यानंच येते. पान्यानं जंगाचं काय बिघडते?"

मी फटकारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय बिघडतं? मी वर्षभर मुलांना सांगत होतो, पाण्यापासून जपा. का जपा, ते मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. चिंचोके पालथे होतात ते लोहचुंबकानं. पाण्याला ते दिसतही नाहीत. चिखलाखाली, हळदीखाली, तीस लाख चिंचोके जसे मांडले तसेच पडून असतील. खरवडलं गेलं नसेल तर.

"रिठे आहेत का घरी?" मी विचारलं.

"हाव."

नवी तबकडी, धारदार पातं, पेन्सिल आणि स्पिरिटची बाटली घेऊन मी त्या दोघींबरोबर देऊळघाटला गेलो. अंगणात कडुलिंबाखाली रुखमाबाईची खाट होती. डावा हात छातीवर. मी पाया पडलो. शालूबाईनं खाटेशी बसून सासूला सगळं सांगितलं, आपली चूक न लपवता. म्हातारीचे डोळे आधी तिच्यावर, मग माझ्यावर, मग डब्यावर गेले. त्यांत राग मला दिसला नाही.

मी पाकिटाची कड पात्यानं चिरली. आतून चकती बाहेर आली. मी ती आजवर उघडी पाहिली नव्हती. पोळीहून पातळ, धरली तर लवते अशी. मधल्या भोकापाशी मी पेन्सिलीनं एक ठिपका केला, वरची बाजू कोणती ते कळायला. उलटी बसली असती तर सगळंच मुसळ केरात.

शालूबाईनं पाणी उकळून निववलं होतं, रिठ्याचा फेस काढून वरची निवळ घेतली होती, परातीत मलमलीचं फडकं अंथरलं होतं. ती बसणार तेवढ्यात खाटेवरून घशातल्या घशात आवाज आला. रुखमाबाई डावा हात हलवत होती. अन्नपूर्णाला कळलं. तिनं परात उचलून खाटेशी नेली. म्हातारीनं हात वळवून कोपर पाण्याला लावलं, तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी पाहतात तसं. क्षणभर थांबली. मग डोळे मिटून उघडले. चालेल.

मग शालूबाईनं ती चकती धुतली. मी कडेला उकिडवा बसलो होतो आणि मला एक शब्द बोलावा लागला नाही. तिनं डाव्या हाताच्या बोटांवर चकतीची कड तोलली आणि उजव्या हातानं ओंजळीओंजळीनं पाणी सोडलं. घासलं नाही. टाळू जपून लेकराचं डोकं धुतात, तेवढ्याच दाबानं मलमल फिरवली. पिवळं पाणी गेलं, लाल गेलं. परातीत अक्षतेचा एक दाणा तळाला बसला. तिनं तीनदा पाणी बदललं. शेवटी चकतीवर कडुलिंबाच्या फांद्या दिसायला लागल्या, इतकी ती स्वच्छ झाली. एके ठिकाणी मात्र केसाएवढा ओरखडा होता. दाणा घासला गेला होता तिथे. मी तो पाहिला आणि बोललो नाही.

चकती आतल्या खोलीत, सावलीत, कोरड्या मलमलीवर ठेवली आणि वर भाजीची टोपली पालथी घातली, धूळ नको म्हणून. मी घरी आलो. क्लासात जाऊन यंत्रातल्या सुया स्पिरिटच्या कापसानं पुसल्या. कापूस गुलाबी झाला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघी आल्या. नव्या तबकडीचं पाकीट मी एका कडेनं उघडून आतली चकती काढून टाकली होती. त्या रिकाम्या पाकिटात ही सरकवली, ठिपका वर. यंत्रात घातली, खटका दाबला.

चकती फिरायला लागली. सेकंदाला पाच फेरे. कर्रकर्र नाही, नुसती हलकी घरघर, आणि सुई पुढेमागे होण्याचा टक् टक् आवाज. तो आवाज मी हजारदा ऐकला होता. त्या दिवशी मी श्वास धरून ऐकला. आत, गंजाच्या त्या पातळ लेपात, सुई एकेका कणाला विचारत होती, तुझं तोंड कुणीकडे? आणि कण सांगत होते. हळदीतून, कुंकवातून, रिठ्याच्या फेसातून निघून आलेले कण, श्रावणात ज्या बाजूला वळवले होते त्याच बाजूला तोंड करून बसलेले होते. पडद्यावर एकाखाली एक नावं उतरली. धाड. देऊळघाट. वडनेर. घर.

माझ्या अंगावर काटा आला. तो मी लपवलाही नाही.

अन्नपूर्णानं धाड उघडलं. मी तोंड फिरवून बाजाराकडे बघत उभा राहिलो, कारण ते माझ्यासाठी नव्हतं. "हाय, समदं हाय," ती म्हणाली. देऊळघाट उघडलं, तेही होतं. वडनेर उघडताना सुई अडली. टक् टक् टक्, मागे, पुढे, पुन्हा मागे. इंग्रजीतली तीच ओळ. शेवटची अकरा लेकरं गेली होती, त्या ओरखड्याखाली. ती आता कुठेच नाहीत, फक्त खाटेवरच्या त्या म्हातारीच्या मुक्या डोक्यात. मला त्या अकरांचं आजही वाईट वाटतं.

उरलं होतं घर. अन्नपूर्णा खुर्चीवरून उठली. "आजीनं मले भाईर काढलं होतं," ती म्हणाली. "मी भाईरच थांबते." आणि ती गॅलरीत जाऊन माझ्या स्टुलावर बसली.

शालूबाईला वाचता येत नव्हतं. मी लिहिलं होतं, मीच वाचायचं होतं. मी बसलो, घर उघडायला बोट दाबलं. टक्. टक्. सुई थोडी थांबली. मग पडदा अक्षरांनी भरला. म्हातारी बोलली होती तसंच, तिच्या बोलीत, माझ्या बोटांनी लिहिलेलं.

मी वाचलं. "शालूचं पयलं. श्रावन, बुधवार. मूग तोडनीले आला होता. सकायी, दूध काढाच्या वक्ती. पोरगी. डोक्यावर केस दाट. डाव्या कानामागं तीय."

शालूबाईचा हात आपोआप तिच्या स्वतःच्या डाव्या कानामागच्या तिळावर गेला.

"दोनदा रडली. माह्यं बोट धरलं ते सोडे नाई. शालू बेसुद. वाचनार नाई हे मले दिसत होतं. म्हनून बेसुद मायच्या छातीले लावली. प्याली. पोट भरून प्याली. सांजीले दिवस कासराभर असताना गेली. उपाशी गेली नाई."

मी पुढे वाचलं.

"बिननावाची कशी जाऊ देऊ? माह्या हातून जे गेले त्या समद्याईच्या कानात मी नाव सांगतलं. हिच्या कानातबी सांगतलं. पोट भरून गेली म्हनून अन्नपूर्णा."

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला एक गोष्ट आठवली. त्या शुक्रवारी मी एकदा हात थांबवून म्हणालो होतो, आजी, हे नाव पुन्हा आलं, चुकून दोनदा सांगताय का? खोडू? आणि तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला होता. नोको खोडू, बापू. लिही.

खालची ओळ मी वाचली. "शालूचं दुसरं. पोरगी. नाव तेच ठेवलं. काऊन ते कोनाले सांगतलं नाई. माय तिले रोज हाक मारन, मंग दोघीईले आयकू जाईन."

शालूबाई पडद्याकडे बघत होती, जी अक्षरं तिला वाचता येत नव्हती त्यांच्याकडे. तिचे ओठ हलत होते. तिनं किती वेळा ती हाक मारली असेल? शेतातून, चुलीपासून, नदीवरून, वीस वर्षं.

"मी पाजलं तिले," ती म्हणाली. "मी पाजलं होतं."

"हो."

"बुधवार होता."

"हो, बुधवार."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं, डोक्यावरून पदर नीट घेतला. तबकडी यंत्रात अजून फिरत होती. ती दाराकडे वळली आणि रोज मारते तशीच, मोठ्यानं हाक मारली.

"अन्नपूर्णा!"

"ओ माय," गॅलरीतून उत्तर आलं. "आली."